डॉमिनी: एका उडत्या वर्गाला टाळं लागलं त्याचं प्रकरण

२० जानेवारी २०११ रोजी इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात, क्रॅनवेलच्या तळावर, ब्रिटिश हवाई दलाची ५५ (राखीव) स्क्वॉड्रन विसर्जित झाली. तिच्याकडची डॉमिनी टी-१ ही दोन जेट इंजिनांची प्रशिक्षण विमानं त्याच दिवशी निवृत्त झाली. त्यानंतर आठवडाभरातच मँचेस्टरजवळ वुडफर्डच्या कारखान्यात निमरॉड एमआरए-४ ही कोरी पाणबुडीशोधक विमानं यंत्रांनी फोडायला सुरुवात झाली. निमरॉडचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले, माजी सेनाधिकाऱ्यांनी खुलं पत्र लिहिलं, संसदेत प्रश्न विचारले गेले. डॉमिनीच्या निरोपाची दखल घेतली ती मुख्यतः विमानवेड्यांनी.

माझ्या मते अभ्यासायचं प्रकरण डॉमिनीचं आहे. निमरॉड फोडल्यानं झालेलं नुकसान उघड्यावर होतं, त्याची किंमत सांगता येत होती. डॉमिनीबरोबर काय थांबलं ते मात्र समजायला पुढची आठ-दहा वर्षं जावी लागली.

या विमानात वैमानिक घडत नसत. लढाऊ किंवा टेहळणी विमानात वैमानिकाखेरीज आणखी एक अधिकारी असतो. रडार बघणं, मार्ग आणि वेळ सांभाळणं, शस्त्र कधी सोडायचं ते ठरवणं ही त्याची कामं. अमेरिकी नौदलात त्याला नेव्हल फ्लाइट ऑफिसर म्हणतात, ब्रिटिश नौदलात आणि आपल्याही नौदलात ऑब्झर्व्हर. ब्रिटिश हवाई दलात तो पिढ्यानपिढ्या नॅव्हिगेटर होता आणि २००३ पासून वेपन सिस्टिम्स ऑफिसर, म्हणजे बोलीत ‘विझो’. डॉमिनी हा या मंडळींचा वर्ग होता आणि तो ४५ वर्षं चालला.

शेटजींचं विमान

डी हॅविलंड कंपनीने उद्योगपतींना फिरण्यासाठी एक छोटं जेट काढलं. डीएच-१२५ हे त्याचं नाव, पहिलं उड्डाण १३ ऑगस्ट १९६२. कंपनी हॉकर सिडलीत विलीन झाली, नाव एचएस-१२५ झालं, पुढे आणखी मालक बदलले, पण मूळ आराखडा इतका टिकला की त्याची वंशावळ पन्नास वर्षं कारखान्यातून बाहेर पडत राहिली. ब्रिटिश हवाई दलाने यातलीच २० विमानं प्रशिक्षणासाठी मागवली. पहिल्या डॉमिनीने डिसेंबर १९६४ च्या अखेरीस उड्डाण केलं आणि पुढच्या वर्षी ती सफोकमधल्या स्ट्रॅडिशॉलच्या नॅव्हिगेशन शाळेत दाखल झाली.

लढाऊ अधिकाऱ्यांना शिकवायला शेटजींचं विमान कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल. त्याचं उत्तर आधीच्या विमानात सापडतं. जेटच्या वेगाची सवय व्हावी म्हणून त्यापूर्वी विद्यार्थ्यांना मीटिअर या जुन्या रात्र-लढाऊ विमानात बसवत. त्यात जागा दोनच, पुढे वैमानिक आणि मागे विद्यार्थी. मास्तर जमिनीवर! विद्यार्थी चुकला तर का चुकला, कोणत्या क्षणी गडबडला, हे पाहणारं कुणीच नाही. खाली उतरल्यावर त्याचा नकाशा आणि नोंदी तपासायच्या आणि अंदाज बांधायचा. व्हार्सिटी नावाचं दुसरं विमान होतं, त्यात मास्तरांना भरपूर जागा होती, पण ते पंख्याचं, संथ विमान. डॉमिनीने दोन्हींची सोय एकत्र केली. केबिनमध्ये शेजारी शेजारी दोन विद्यार्थी, समोर उपकरणांची फळी आणि लिहायला टेबल, खांद्यापाशी मास्तर. इंजिनं दोन असल्यामुळे उत्तर समुद्रावर लांब जायला धास्ती नाही. उंची आणि वेग दोन्ही जेटचे. आणि एका उड्डाणाच्या इंधनात दोन विद्यार्थ्यांचा धडा.

विद्यार्थ्यांच्या खुर्च्या शेपटीकडे तोंड करून होत्या. ही बाब किरकोळ वाटते, पण तिथे बसणाऱ्याचं डोकं तिथेच तयार होत असे. विमान उजवीकडे वळलं की ते तुमच्या डाव्या हाताला वळतं. पोटातलं पाणी एक सांगतं आणि होकायंत्र दुसरंच. अशा बैठकीत वैमानिकाला ‘आठ अंश डावीकडे घे’ असं न अडखळता सांगायचं, तेही बाहेर न बघता.

आठ अंश पुरत नाहीत

इथे थोडं थांबून तिथे नेमकं काय शिकवत ते पाहू, कारण ‘आता जीपीएस आहे, नॅव्हिगेटर हवा कशाला’ हा सवाल या प्रकरणात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

समजा, एक टप्पा ६० सागरी मैलांचा आहे आणि विमान जमिनीच्या हिशेबाने ३०० नॉट वेगाने चाललं आहे, म्हणजे मिनिटाला ५ मैल. सहा मिनिटांनी, ३० मैलांवर, विद्यार्थी रडारवर किनाऱ्याचं एखादं टोक पकडतो आणि त्याला कळतं की आपण ठरलेल्या रेषेच्या उजवीकडे २ मैल सरकलो आहोत. वारा अंदाजापेक्षा जोरात आहे. आता नॅव्हिगेटरांचा जुना साठाचा नियम: ६० मैलांत १ मैल चुकलात तर चूक १ अंशाची. ३० मैलांत २ मैल म्हणजे ४ अंश. रेषेला समांतर व्हायला ४ अंश डावीकडे, आणि उरलेल्या ३० मैलांत ते २ मैल भरून काढायला आणखी ४. एकूण ८ अंश डावीकडे. गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल.

पण ते करण्यात एक मिनिट गेलं तर विमान ५ मैल पुढे गेलेलं असतं. फरक २ मैलांवरून सव्वादोनच्या वर गेलेला असतो आणि तो भरून काढायला आता २५ च मैल उरलेले असतात. आठ अंश पुरत नाहीत, साडेनऊच्या आसपास लागतात. बरोबर उत्तर उशिरा दिलं म्हणून चुकलं. दरम्यान रेडिओवर नियंत्रण कक्ष काहीतरी विचारतो आहे, पुढच्या टप्प्याची वेळ सांगायची आहे, इंधनाची नोंद राहिली आहे, आणि शेजारचा विद्यार्थी आपल्या कामात बुडाला आहे. मास्तर सगळं बघतो आणि काही बोलत नाही.

त्या केबिनमध्ये खरं शिक्षण चालायचं ते यातलं आत्ता काय करायचं आणि काय बिनदिक्कत सोडून द्यायचं, याचं. नकाशा, पट्टी, ताऱ्यांवरून जागा काढायचं पेरिस्कोपचं सेक्स्टंट ही त्या त्या काळची साधनं. १९९० च्या दशकात २० पैकी ११ डॉमिनी केंब्रिजच्या मार्शल कंपनीकडे पाठवून त्यांच्यात सुपर सर्चर हे समुद्री रडार बसवलं, ज्या जातीचं सी किंग हेलिकॉप्टरवर होतं. म्हणजे संस्थेला कळत होतं की वाट शोधणं यंत्राकडे जातंय आणि माणसाचं काम आता पडद्यावरच्या ठिपक्यांतून अर्थ काढणं हे आहे. अभ्यासक्रम बदलला, विमान तेच राहिलं. याच सुमारास शाळा यॉर्कशरमधल्या फिनिंगलीहून क्रॅनवेलला हलली आणि ५५ हा स्क्वॉड्रन क्रमांक तिला मिळाला.

जीपीएसवाल्यांना माझं उत्तर एवढंच की साठाचा नियम यंत्राने केव्हाच शिकून घेतला आहे, पण सोडून काय द्यायचं ते अजून माणूसच ठरवतो.

मागची खुर्ची रिकामी होत गेली

या धंद्याची ओहोटी मात्र खोटी नव्हती. शीतयुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलात मागच्या खुर्च्या ढिगाने होत्या. व्हल्कन बॉम्बरच्या पाच जणांत दोन नॅव्हिगेटर असत, एक आलेखावर आणि एक रडारवर. फँटम, बकनीअर, टोर्नेडो ही सगळी दोन आसनी. मालवाहू हर्क्युलीसमध्ये नॅव्हिगेटर, हवेत इंधन देणाऱ्या टँकरमध्येही नॅव्हिगेटर. मग व्हल्कन गेलं, १९९२ मध्ये फँटम गेलं, १९९४ मध्ये बकनीअर. हर्क्युलीसची नवी आवृत्ती आली तिच्यात दोन वैमानिक पुरेसे होते. टायफून आलं, त्यात लढायला एकच खुर्ची. पुढे येणार होतं ते एफ-३५ बी, त्यातही एकच.

२००३ मध्ये हवाई दलाने नॅव्हिगेटर आणि विमानातले इतर अवैमानिक अधिकारी यांची एकच शाखा केली. या विलीनीकरणाकडे मी थोड्या संशयाने बघतो. आटत चाललेला एखादा धंदा संस्थेच्या कागदांत जिवंत ठेवायचा तर त्याची व्याख्या रुंद करणं हा जुना उपाय आहे. तरीही २००० च्या दशकात हिशेब जमत होता. टोर्नेडोच्या दोन्ही जाती सेवेत होत्या, सेंट्री हे रडारने टेहळणी करणारं विमान होतं, आणि निमरॉड एमआरए-४ येणार होतं. क्रॅनवेलमध्ये डॉमिनीच्या समुद्री रडारवर हात बसवलेल्या विद्यार्थ्यासाठी तीच सगळ्यात पक्की जागा मानली जात असे.

निमरॉडचं रडगाणं मोठं आहे, इथे दोन ओळीत उरकतो. १९९६ मध्ये २१ विमानांचा करार झाला. संख्या घटत घटत ९ वर आली, वर्षं उलटत गेली, खर्च सुमारे ३.४ अब्ज पौंडांवर गेला. मार्च २०१० मध्ये जुनं निमरॉड एमआर-२ निवृत्त झालं, नवं यायच्या भरवशावर. आणि १९ ऑक्टोबर २०१० रोजी नव्या आघाडी सरकारने संरक्षणाचा फेरआढावा जाहीर करून नवंही रद्द केलं. त्याच आढाव्यात हॅरिअर विमानं गेली, टोर्नेडोच्या दोन स्क्वॉड्रन कमी झाल्या, आणि हवाई दलाची माणसं ५,००० ने घटवून ३३,००० वर आणायचं ठरलं. हवाई संरक्षणाचं टोर्नेडो एफ-३ तसंही मार्च २०११ मध्ये संपणार होतं.

आता क्रॅनवेलच्या फळ्यावर गणित मांडा. नव्या विझोला पाठवायचं कुठे? एफ-३ संपलं. निमरॉड संपलं. बॉम्बफेकीचं टोर्नेडो जीआर-४ कमी झालं आणि त्याच्याकडे अनुभवी माणसं पुरून उरत होती. सेंट्रीसारखी विमानं मोजकी. शिकाऊ वैमानिकांनाही वगळायची वेळ आली होती, तिथे मागच्या खुर्चीचं कोण ऐकणार. विमानं १९६० च्या दशकातली, व्हायपर इंजिनं त्याहून जुन्या पिढीची, सुटे भाग शोधण्यात तंत्रज्ञांचा वेळ जात असणार. अशा वेळी डॉमिनी चालू ठेवा असं लिहून देणारा अधिकारी एक तर वेडा ठरला असता किंवा सेवानिवृत्तीला आलेला.

म्हणून विमान बंद करण्याच्या निर्णयाला मी चूक म्हणत नाही. त्याच्या जोडीने, जवळपास न बोलता, दुसरा निर्णय झाला. हवाई दलाने नवे विझो घेणंच थांबवलं. विमान निवृत्त करणं आणि शिकवणं थांबवणं या दोन वेगळ्या फायली असायला हव्या होत्या. त्या एका फायलीत गेल्या.

इतरांनी काय केलं

हे वेगळं करता येतं का, याचं उत्तर त्याच वर्षी, त्याच देशात मिळतं. कॉर्नवॉलमधल्या कलड्रोजच्या तळावर ब्रिटिश नौदलाची ७५० स्क्वॉड्रन ऑब्झर्व्हर घडवते. तिच्याकडची जेटस्ट्रीम विमानंही जुनी झाली होती. नौदलाने २०११ मध्ये ती काढली आणि जागी किंग एअर जातीची चार विमानं आणली, ज्यांना तिथे अ‍ॅव्हेंजर म्हणतात. जेट नव्हेत, पंख्याची. वर्ग एक दिवसही ओस पडला नाही, कारण मर्लिन हेलिकॉप्टरला ऑब्झर्व्हर लागणारच होता. नौदल जास्त शहाणं होतं असं यावरून म्हणवत नाही. त्यांच्यापुढे गिऱ्हाईक उभं होतं, इतकंच.

अमेरिकी नौदलाचं उदाहरण अधिक बोलकं आहे, कारण तिथे विमान तीनदा बदललं. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला व्हीटी-८६ ही स्क्वॉड्रन फ्लाइट ऑफिसर तयार करते. तिथे आधी सेबरलायनर होतं, तेही मुळात दोन इंजिनांचं प्रवासी जेट. मग १९८० च्या दशकात सेस्नाकडून १५ सायटेशन विमानं कंत्राटाने घेतली, टी-४७ ए नावाने. विमानं कंपनीची, देखभाल कंपनीची, विद्यार्थी नौदलाचे. कंत्राट संपलं तसं पुन्हा सेबरलायनर आलं, नवं रडार घालून, टी-३९ एन म्हणून. आणि २०१० च्या दशकात तेही गेलं. आता टी-४५ या दोन आसनी प्रशिक्षण विमानात खरं रडारच नसतं, संगणक पडद्यावर खोटी लक्ष्यं काढतो आणि विद्यार्थी हवेत, खऱ्या वेगात, खऱ्या ओकारीसह त्यांचा पाठलाग करतो. जुन्या मास्तरांना हे रुचलं नसेल. मलाही वाटतं की खोट्या ढगात खऱ्या ढगासारखा गोंधळ होत नाही. पण शाळा चालू राहिली, आणि तिथे जर्मनी, इटलीसारख्या दोस्त देशांचे विद्यार्थीही शिकून गेले.

म्हणजे २०११ मध्ये ब्रिटिश हवाई दलापुढे डॉमिनी किंवा काहीच नाही, असे दोनच रस्ते नव्हते. कलड्रोज दिवसभराच्या मोटारप्रवासावर होतं. पेन्साकोलाचं दार दोस्तांना उघडं होतं.

परदेशात राखलेली माणसं

हवाई दल अगदीच हातावर हात ठेवून बसलं नाही, हे नोंदवायला हवं. निमरॉड रद्द झाल्यावर त्यांनी सीडकॉर्न नावाची योजना आखली. पाणबुडी शोधण्यात मुरलेली तीसेक माणसं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या टेहळणी स्क्वॉड्रनमध्ये पाठवली. स्वतःचं विमान नाही, पण हात चालू राहावा. काही जण अमेरिकी नौदलाच्या पी-८ पोसायडनवर बसले, जे तेव्हा नुकतंच येत होतं.

ही योजना मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात समजूतदार गोष्ट वाटते, आणि तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तिने अनुभवी माणसं जपली. तिच्या तळाशी नवा भरणा नव्हता. २०११ साली पस्तिशीत असलेला नॅव्हिगेटर २०२० मध्ये पंचेचाळिशीला टेकतो. त्याचा अनुभव सोन्याचा, पण त्याच्या मागे पंचविशीतला कुणी उभा नाही.

दरम्यान समुद्र शांत बसला नव्हता. २०१४ च्या अखेरीस स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ परक्या पाणबुडीचा संशय आला, आणि ब्रिटनला शोधासाठी दोस्तांची विमानं बोलवावी लागली. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्सची विमानं स्कॉटलंडच्या लॉसीमथ तळावरून उडाली. ज्या देशाच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या त्याच किनाऱ्यावरच्या क्लाइड खाडीतून बाहेर पडतात, त्याच्यासाठी ही नामुष्की होती. वर्षभराने, २३ नोव्हेंबर २०१५ च्या नव्या आढाव्यात, ९ पोसायडन घेण्याचं जाहीर झालं. रद्द केलेल्या निमरॉडची संख्याही शेवटी ९ च होती. फेब्रुवारी २०२० मध्ये पहिलं विमान स्कॉटलंडमध्ये उतरलं, ते किनलॉसला, कारण लॉसीमथच्या धावपट्टीचं काम चालू होतं. किनलॉस हा निमरॉडचा जुना तळ, तोपर्यंत लष्कराच्या ताब्यात गेलेला.

पोसायडन हेही दोन जेट इंजिनांचंच विमान, बोइंग ७३७ वर बेतलेलं. ब्रिटिश हवाई दल त्यात नऊ माणसं बसवतं: दोन वैमानिक, दोन विझो आणि पाच ऑपरेटर. म्हणजे एका विमानात जितके वैमानिक तितकेच विझो. जो धंदा संपला असं गृहीत धरून वर्ग बंद केला, त्याची नऊ वर्षांनी वैमानिकाइतकीच मागणी आली.

तरीही आकाश कोसळलं नाही. सीडकॉर्नची माणसं परतली आणि त्यांनी पहिल्या तुकड्या उभ्या केल्या. सुरुवातीच्या प्रशिक्षणासाठी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला अमेरिकी नौदलाकडे जावं लागलं. मार्च २०१९ मध्ये टोर्नेडो जीआर-४ निवृत्त झालं, तेव्हा मोकळे झालेले काही विझोही इकडे वळले. लढाऊ विमानातला विझो आणि पाणबुडीमागे तासन्‌तास घालवणारा विझो यांची जातकुळी वेगळी. पहिल्याला सेकंदात निर्णय घ्यायची सवय, दुसऱ्याला आठ तास एकाच शंकेवर टिकून राहावं लागतं. पण पाया एकच होता, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचा तो पाया डॉमिनीच्या त्या उलट्या खुर्चीवर घातलेला होता. टोर्नेडोची निवृत्ती आणि पोसायडनचं आगमन एकमेकांना चिकटून आलं हे नशीब. नियोजनाच्या खात्यात ते जमा करता येणार नाही.

आज हवाई दलाचे नवे विझो कलड्रोजला नौदलाच्या ऑब्झर्व्हरांबरोबर शिकतात.

आपल्याकडे

मराठी वाचकाला हे प्रकरण अगदीच सातासमुद्रापलीकडचं नाही. नाशिकजवळ ओझरला जोडलेली सुखोई-३० एमकेआय दोन आसनी आहेत, आणि पुण्यात लोहगावच्या धावपट्टीवरून ती उडतात तेव्हा मागच्या खुर्चीवर विझो असू शकतो. गोव्याच्या आयएनएस हंसावर मार्च २०२२ मध्ये पी-८ आय विमानांची ३१६ ही दुसरी स्क्वॉड्रन दाखल झाली. पहिली तमिळनाडूत अरक्कोणमला आहे. त्या विमानांच्या पडद्यांसमोर बसणारे ऑब्झर्व्हर कोचीच्या शाळेतून येतात.

भारतीय हवाई दलाने मात्र ब्रिटनच्या उलट दिशेने पाऊल टाकलं. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी चंदीगडला हवाई दल दिनी शस्त्रप्रणाली अधिकाऱ्यांची स्वतंत्र शाखा जाहीर झाली, आणि १ सप्टेंबर २०२४ रोजी हैदराबादला बेगमपेटमध्ये त्यांची शाळा उघडली. जाहीर करताना उड्डाण प्रशिक्षणावरचे ३,४०० कोटी रुपये वाचतील असं सांगितलं गेलं, कारण मागच्या खुर्चीवर बसवायला पूर्ण वैमानिक घडवण्याची गरज उरणार नाही. या शाखेत क्षेपणास्त्रं आणि दूरनियंत्रित विमानं हाताळणारेही आहेत. व्याख्या रुंद करण्याचा तोच २००३ चा उपाय, पण इथे तो वाढत्या मागणीच्या काळात केलेला. मला यात एकच खटकतं. तेजस मुख्यतः एक आसनी आहे आणि घेतलेल्या ३६ राफेलपैकी दोन आसनी ८ च. मागच्या खुर्च्यांचा मुख्य आधार सुखोई आहे, आणि सुखोई एक दिवस म्हातारं होईल. बेगमपेटच्या शाळेत ती फाईल आत्ताच वेगळी ठेवलेली बरी.

मी काय केलं असतं

डॉमिनी मी काढलीच असती, कदाचित दोन वर्षं आधी. एक विमान कॉसफर्डच्या संग्रहालयात ठेवलं आहे, तीच तिची जागा.

पण दरवर्षी सहा-आठ तरुण अधिकारी कलड्रोजला धाडले असते. तिथली विमानं नवी होती, मास्तर होते, रडारचा अभ्यासक्रम होता. तिथून निघालेल्यांपैकी दोघा-तिघांना सीडकॉर्नच्या ज्येष्ठांबरोबर अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला, बाकीच्यांना टोर्नेडो किंवा सेंट्रीवर. खर्च एका स्क्वॉड्रनच्या खर्चाच्या आसपासही गेला नसता.

यावर अर्थखात्याचा कारकून विचारणार, ‘हे सहा जण २०१६ मध्ये कोणत्या विमानात बसणार?’ आणि जानेवारी २०११ मध्ये या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नव्हतं. पोसायडन कुणाच्या यादीत नव्हतं. कागदावर जागा दाखवल्याशिवाय माणूस मंजूर करायचा नाही हा कोणत्याही सरकारी खात्याचा नियम आहे, आणि एरवी तो चांगलाच नियम आहे. मी त्या खुर्चीवर असतो तर सहाऐवजी तीन मागितले असते. तीन जणांची मंजुरी खालच्या टेबलावरच मिळून गेली असती, आणि २०२० मध्ये लॉसीमथला पंचेचाळिशीच्या रांगेत तिशीतले वीस-पंचवीस जण उभे असते.